माणसं शिकवली, पण ती टिकली का? डोळ्यांच्या कामावर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी नेपाळ आणि पूर्व आफ्रिकेतल्या कामाबद्दल लिहिलं होतं, तिथं डोळ्यांचे डॉक्टर, नर्स, टेक्निशियन तयार करायचे प्रोजेक्ट कसे चालतात ते. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार इथं घेतेय.

प्रश्न : ताई, मी सांगलीची, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पुढच्या महिन्यात टांझानियात एका संस्थेच्या प्रोजेक्टवर को-ऑर्डिनेटर म्हणून जातेय. तीन वर्षांत जिल्हा हॉस्पिटलांमधल्या चाळीस जणांना डोळ्यांच्या कामाचं ट्रेनिंग द्यायचंय. पेशंट खूप तपासलेत पण प्रोजेक्ट कधी चालवला नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अगं मनापासून अभिनंदन, आणि बिनधास्त जा. फक्त पोचल्या पोचल्या ट्रेनिंगचं टाइमटेबल करायला बसू नकोस. पहिला महिना नुसती फिर. चाळीस नावांची यादी हातात घे आणि प्रत्येक नावापुढे लिही, हा माणूस ट्रेनिंगनंतर कुठल्या हॉस्पिटलात बसणार, तिथं स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून तपासायचं यंत्र) आहे का, असला तर चालू आहे का, लाईट दिवसातून किती तास असते, औषधं कोण पुरवतं, याचा साहेब कोण आणि त्या साहेबाला हे काम हवंय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पद मंजूर आहे का. पद मंजूर नसलं तर आज तुमच्या प्रोजेक्टमधून पगार मिळेल, तीन वर्षांनी प्रोजेक्ट संपला की तो माणूस दुसरीकडे जाणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही, त्यालाही घर चालवायचंय.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टमधलं सांगते. एका जिल्हा हॉस्पिटलातली नर्स वर्षभर शिकून परत आली, इतकी हुशार मुलगी, आणि तिला बाळंतपणाच्या वॉर्डात ड्यूटी लावली कारण तिथं माणसं कमी होती. ऑपरेशनचा मायक्रोस्कोप दीड वर्ष खोक्यात पडून होता, स्टॅबिलायझर नाही म्हणून. कुणाची वाईट इच्छा नव्हती, पण आम्ही आरोग्य मंत्रालयाशी बोललो होतो आणि त्या हॉस्पिटलच्या इनचार्जशी आधी कुणीच बोललं नव्हतं. त्या मुलीचं वर्ष वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

हे माझ्या एकटीचं मत नाही. केनिया, मलावी आणि टांझानियात मोतीबिंदूचं ऑपरेशन शिकवलेल्या लोकांचा एक अभ्यास २००७ साली छापून आला, त्यात ट्रेनिंग घेतलेल्यांपैकी काहीजण वर्षाला शेकड्यांनी ऑपरेशन्स करत होते आणि काहीजण अगदी मोजकी. फरक कशाने पडला? हाताखाली नर्स आहेत का, उपकरणं धड आहेत का, गावागावातून पेशंट आणायची सोय आहे का, अशा गोष्टींनी.

माणसं निवडताना तुझं म्हणणं ठामपणे मांड. राजधानीतल्या हॉटेलात वर्कशॉप आणि वर रोजचा भत्ता असला की ज्याला काम करायचंय तो मागे राहतो आणि साहेबच स्वतःचं नाव देऊन मोकळे होतात, हे मी किती वेळा बघितलंय. त्यापेक्षा मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलची पद्धत बघ. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये, सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर, अकरा खाटांवर ते सुरू केलं. तिथं आजूबाजूच्या खेड्यातल्या बारावी झालेल्या मुली निवडून दोन वर्षं शिकवतात, आणि तपासणीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचं निम्म्याहून जास्त काम त्याच मुली सांभाळतात, त्यामुळे सर्जन फक्त ऑपरेशन करतो आणि एकेक सर्जन वर्षाला दीड-दोन हजार ऑपरेशन्स करू शकतो. मुलगी त्याच भागातली असते, तिला म्हातारीची भाषा कळते, म्हातारी तिच्यावर विश्वास ठेवते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद इन्स्टिट्यूटनेही हेच केलं, तिथल्या गावातल्याच मुलामुलींना वर्षभर शिकवून व्हिजन टेक्निशियन, म्हणजे डोळे तपासणारे, करायचं आणि साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक छोटं सेंटर द्यायचं. तुझ्याकडे तेवढा पैसा नसेल, पण निवडायची पद्धत तरी उचलता येईल.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त शिक्षक, सातारा. तुमच्या लेखात वाचलं की आफ्रिकेत एमबीबीएस नसलेले लोक मोतीबिंदूचं ऑपरेशन करतात. हा गरिबांच्या डोळ्यांवर प्रयोग नाही का? आपल्या आईला आपण अशा माणसाकडे नेऊ का?

उत्तर : सर, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि या क्षेत्रात हा वाद खूप वर्षं चाललाय. आधी आकडे बघा. २०१५ च्या जागतिक मोजणीत श्रीमंत देशांमध्ये दर दहा लाख लोकांमागे डोळ्यांचे सरासरी ७६ डॉक्टर होते आणि सगळ्यात गरीब देशांत चारसुद्धा नव्हते. त्यातलेही बरेच राजधानीत. म्हणजे खेड्यातल्या आईपुढे डॉक्टर की क्लिनिकल ऑफिसर (एमबीबीएस नसलेला, पण पेशंट बघायचं शिक्षण घेतलेला माणूस) असा पर्याय नसतो, क्लिनिकल ऑफिसर की आंधळेपण असा असतो.

आणि ही रस्त्यावरून उचललेली माणसं नसतात. टांझानियात असिस्टंट मेडिकल ऑफिसर, मलावीत क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे वर्षानुवर्षं पेशंट बघितलेले लोक, त्यांना वर आणखी डोळ्यांचं शिक्षण देतात. आपल्याकडे ऑपरेशन नेत्रसर्जनच करतो, पण बाकी किती काम दुसरे करतात बघा, ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी नंबर काढतात, मोतीबिंदू ओळखतात, पेशंट पुढे पाठवतात. नेपाळमध्ये तर डोंगरातली छोटी नेत्र केंद्रं ऑप्थॅल्मिक असिस्टंटच चालवतात.

पण तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून मी ज्या प्रोजेक्टवर असते तिथं एक गोष्ट सोडत नाही, निकालाची वही. प्रत्येक ऑपरेशननंतर पेशंटला किती दिसतंय ते लिहायचंच. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष असा होता की ऑपरेशननंतर पेशंटकडे जो काही चष्मा असेल तो लावून, नसेल तर तसंच, शंभरातल्या निदान ८० डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसायला हवं, म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून तरी दिसावं, आणि वाईट निकाल ५ टक्क्यांच्या आत हवेत. वही चांगला निकाल दाखवत नसेल तर त्या माणसाचं ऑपरेशन थांबवायचं, एखाद्या अनुभवी सर्जनला त्याच्या शेजारी बसवायचं, पुन्हा शिकवायचं. हा नियम डॉक्टरलाही लागू. वही नीट ठेवणाऱ्या क्लिनिकल ऑफिसरकडे मी माझ्या आईला नेईन, वही न ठेवणाऱ्या मोठ्या डॉक्टरकडे नेणार नाही.

प्रश्न : पुण्यातल्या एका संस्थेत काम करतो. फंड देणारे दर तीन महिन्यांनी एकच विचारतात, किती लोक ट्रेन केले? बाकी काही रिपोर्टमध्ये घातलं तर वाचत नाहीत. काय करायचं?

उत्तर : आकडा द्या पण एकटा देऊ नका. त्याच ओळीत लिहा, वर्षभरापूर्वी शिकवलेल्यांपैकी आज किती जण डोळ्यांचंच काम करतायत. ते पहिल्यांदा वाचणार नाहीत, दुसऱ्यांदा विचारतील, माझा तसा अनुभव आहे. आणि २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेतला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य सरकारांच्या बैठकीतला, ठराव दाखवा. ज्यांना गरज आहे त्यांच्यापैकी किती टक्क्यांना परिणामकारक मोतीबिंदू ऑपरेशन मिळतं, तो आकडा २०३० पर्यंत ३० टक्के गुणांनी आणि चष्म्याचा तसाच आकडा ४० ने वाढवायचं त्यात ठरलंय. परिणामकारक म्हणजे ऑपरेशन झालं एवढंच नाही, नीट दिसलं पाहिजे. सरकारांनीच तसं मान्य केलंय, मग फंड देणाऱ्यांनाही ते टाळता येणार नाही.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरचा, मेडिकल उपकरणं रिपेअर करतो, आयटीआय झालंय. डॉक्टर नाही नर्स नाही, मला या कामात काही जागा आहे का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण तुमच्यासारखा माणूस प्रोजेक्टच्या यादीत बहुतेक वेळा नसतोच आणि त्याच्यावाचून बाकी सगळे अडतात. दान आलेला अमेरिकेतला ११० व्होल्टचा लॅम्प २३० मध्ये घालून जाळलेला मी बघितलाय, आणि दमट हवेत लेन्सवर बुरशी धरून मायक्रोस्कोपमधून धुकं दिसायला लागतं ते तर सगळीकडेच. मदुराईला अरविंदमध्ये डोळ्यांच्या उपकरणांच्या मेंटेनन्सचा कोर्स असतो, परदेशातूनही टेक्निशियन येतात, तिथं नक्की चौकशी करा. तो करून आफ्रिकेत किंवा नेपाळमध्ये गेलात तर नुसते रिपेअर करू नका, तिथल्या दोघांना तरी हाताशी घ्या. त्यांना शिकवा की हॅलोजन बल्बला उघडा हात लावायचा नाही, बोटाच्या तेलकटपणाने तो लवकर जातो. लेन्सच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवायची आणि निळ्याची गुलाबी झाली की गरम करून वाळवायची. आणि प्रत्येक मशीनला कुठला बल्ब लागतो तो नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवायचा, म्हणजे तुम्ही कोल्हापूरला परत आलात तरी तिथली नर्स बाजारातून बरोबर बल्ब मागवू शकेल.