त्रिकोणांच्या कडा न दिसता पृष्ठभाग गुळगुळीत कसा काढायचा?
विखुरलेल्या उंचीच्या बिंदूंवर तुम्ही डेलोने त्रिकोण (शेजारचे बिंदू जोडून पाडलेले, शक्यतो लांबट नसलेले त्रिकोण) पाडलेत, पण कंटूर (समान उंचीच्या रेषा) प्रत्येक कडेवर मोडतात. साहजिकच आहे, प्रत्येक त्रिकोण सपाट असल्याने कडेवर उंची जुळते, उतार जुळत नाही. सायपाय या पायथॉन लायब्ररीच्या ग्रिडडेटा फंक्शनमध्ये (ते विखुरलेल्या बिंदूंमधल्या किमती काढतं) पद्धत म्हणून 'लिनिअर'ऐवजी 'क्युबिक' द्या. आत क्लफ-टोचर पद्धत चालते (1965ची, मुळात प्लेटच्या वाकण्याच्या गणितासाठी). ती प्रत्येक त्रिकोणाचे तीन तुकडे करून प्रत्येकावर घन बहुपदी (तिसऱ्या घातापर्यंतचं समीकरण) बसवते, म्हणून उतारही सलग राहतो. मात्र बिंदूंवरचे उतार अंदाजानेच काढलेले असतात, त्यामुळे तीव्र चढाजवळ पृष्ठभाग मोजलेल्या उंचीच्याही वर जाऊ शकतो. पावसाचे आकडे घातलेत तर चक्क उणे पाऊससुद्धा येईल! बिंदूंच्या घेराबाहेर एनएएन (म्हणजे 'आकडा नाही') मिळतं, ते बरंच आहे. दोन अक्षांची एककं वेगळी असतील तर ग्रिडडेटाचा रीस्केल (दोन्ही अक्ष एकाच मापात आणणारा पर्याय) चालू करा, नाहीतर त्रिकोण सुईसारखे लांबट होतात.