नाक वाहतंय म्हणून लस नाही?

प्रश्न : नातू साडेचार महिन्यांचा आहे. दीड महिन्याची लस वेळेवर झाली. पुढच्या लशीला नेला तर सिस्टर म्हणाल्या, ‘नाक वाहतंय, बरा झाला की आणा.’ नंतर नेला तर म्हणाल्या, ‘आज एकच बाळ आलंय, बाटली फोडता येणार नाही.’ आता नवीन सिस्टर आल्यात. त्या म्हणतात, फार उशीर झाला, सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. खरं कुणाचं मानायचं? उन्हाळा कडक म्हणून बाळाला दोन-दोन चमचे पाणी पाजतोय. सुनेची रक्तवाढीची गोळी बाळंतपणानंतर बंद करायला सांगितली, ते बरोबर ना?
– एक आजी, चोपडा तालुका

उत्तर : आजी, लशीबाबत तिन्ही वेळा तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं.

आधी लशीचं. पहिल्यापासून काहीही सुरू करायचं नाही. झालेला डोस वाया जात नाही. पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा, दुसरा डोस आता द्यायचा, तिसरा त्यानंतर किमान चार आठवड्यांनी. पोलिओ, रोटा (जुलाबाची लस), न्यूमोनिया यांतलं जे राहिलं असेल ते त्याच दिवशी, त्याच बैठकीत चालतं. एका दिवशी दोन-तीन सुया टोचल्या म्हणून बाळाला अपाय होत नाही, रडतं तेवढंच.

सर्दी, थोडा खोकला, अंग किंचित कोमट असणं, पातळ शी होणं, यातलं एकही कारण लस नाकारण्याचं नाही. बाळ इतकं आजारी असेल की दवाखान्यात भरती करावं लागेल, तर थांबायचं. आधीच्या डोसला जिवावर बेतणारी ॲलर्जी आली असेल तर ती लस पुन्हा द्यायची नाही. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत निम्म्या पोरांची नाकं वाहत असतात. त्या हिशेबाने सगळ्यांना परत पाठवलं तर लस द्यायची कुणाला?

बाटलीचं सांगते. पेंटाच्या एका बाटलीत अनेक बाळांचे डोस असतात; ती एकदा फोडली की नीट थंड ठेवून 28 दिवसांपर्यंत वापरता येते, म्हणजे नासाडीचा प्रश्नच नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेला मात्र पावडर कालवल्यापासून चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. तरीही एक बाळ आलं तरी बाटली फोडायची, बाळ परत पाठवायचं नाही, हाच नियम आहे.

माझी सगळी नोकरी याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली, म्हणून बोलते. आमच्या सिस्टर सुई टोचायला चुकत नाहीत. हात सराईत असतो. चुकतं ते बाळाला परत पाठवताना. प्रशिक्षणात ‘कशी द्यायची’ हे हाताने करून घेतात. ‘कधी अडवायचं नाही’ हे दुपारच्या जेवणानंतरच्या भाषणात उरकतं, तोवर अर्धा हॉल पेंगत असतो. परत आल्यावर रजिस्टरं आणि मोबाईलवरची नोंद पाठ सोडत नाही.

लस थंड ठेवण्याचंही तेच. पारा 45 अंशांना टेकला की सगळ्यांना भीती लस तापेल याची, म्हणून फ्रीजरमधले दगडासारखे आइसपॅक तसेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या पेटीत, कोंबतात. पेंटा गोठली की कायमची बाद. आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवायचे, कानाशी हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं की मग भरायचे. हे किती जणींना ठाऊक आहे ते विचारून बघा! तुम्हीसुद्धा बाटलीवरची खूण बघू शकता. गोलाच्या आतला चौकोन गोलापेक्षा फिका असला तर लस उन्हाने बिघडलेली नाही. गोलाइतकाच किंवा जास्त गडद झाला तर ती बाटली नको. गोठलेली लस मात्र या खुणेवरून कळत नाही.

पुढच्या सत्राला जाताना भांडू नका. माता-बालक कार्ड पुढे करा आणि म्हणा, ‘सिस्टर, आज द्यायची नसेल तर कारण कार्डावर लिहून द्या.’ लिहायची वेळ आली की बहुतेक वेळा लस निघते. नाहीच निघाली तर थेट केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेला आत्ताच पंचांगावर लिहून ठेवा.

पाणी आजपासून बंद. सहा महिने फक्त आईचं दूध, खान्देशच्या उन्हातही. दुधात बहुतांश पाणीच असतं. उकाडा वाढला तर बाळाला जास्त वेळा पाजायला घ्या, आणि पाणी प्यायला लावायचं ते सुनेला.

तिची रक्तवाढीची लाल गोळी बंद करायची नाही. बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज एक. कॅल्शियमच्या दिवसाला दोन, त्याही सहा महिने. लाल गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये दोन तास जाऊ द्या. जेवणावरचा चहाही गोळीच्या वेळेला नको. तिची शी काळी झाली तर घाबरू नका, ते लोहामुळेच. गोळ्या संपल्या असतील तर आशाताईंकडे मागा, फुकट मिळतात.