जिन्याखाली व्यालेली मांजर: पिल्ले उचलण्याआधी

इमारतीच्या जिन्याखाली भटकी मांजर व्याली आहे, शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली आहे आणि घरात आधीच एक मांजर असताना ती चार पिल्ले वर आणावीत का, असा आपला प्रश्न आहे. आई येतीजाती असेल तर आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान पिल्लांना आईचे दूध, ऊब आणि चाटणे या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात. आपण त्यांची जागा घ्यायची म्हटले तर रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठावे लागते आणि एवढे करूनही पिल्ले दगावतात.

आई दिसत नाही म्हणजे ती सोडून गेली, असे नव्हे. अन्नाच्या शोधात ती काही तास बाहेर राहू शकते आणि आपण जवळ उभे असलो तर परत येण्याचे टाळते. पिल्ले स्वच्छ असतील, पोटे भरलेली असतील आणि एकमेकांवर रेलून झोपली असतील, तर आई येऊन गेली आहे असे समजावे. शंका राहिलीच, तर भोवती पिठाचा पातळ थर पसरून दूर जावे; ती येऊन गेली असेल तर पिठात पावले उमटलेली दिसतात.

पिल्ले खरोखरच पोरकी निघाली, तर आधी ऊब आणि मग अन्न, हा क्रम मोडू नये, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. मांजर आणि दुधाची वाटी ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की हे सांगावेच लागते: गाईचे दूध देऊ नये, त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातले पाणी झपाट्याने कमी होते. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरावी आणि पिल्लाला पोटावर ठेवून पाजावे. उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. प्रत्येक वेळी पाजल्यानंतर ओलसर कापसाने शेपटीखाली हलके पुसावे, कारण सुरुवातीचे तीन आठवडे या चोळण्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

आई असेल तर मात्र तिला ठरावीक वेळी, ठरावीक जागी खायला घालावे आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलून जागा पुसून घ्यावी. शेजाऱ्यांची निम्मी तक्रार सांडलेल्या अन्नाची आणि त्यावर येणाऱ्या माश्या-मुंग्यांची असते, आणि ती रास्त असते. या नियमितपणामुळे मांजर निर्बीजीकरणासाठी पकडायच्या पिंजऱ्यात जाण्याइतकी सरावते, आणि माझ्या दृष्टीने खरे काम तेच आहे. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असून अंगावर पिणारी पिल्ले असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा केवळ खाऊ घालत राहिलो, तर काही महिन्यांत त्याच जिन्याखाली दुसरी वीण दिसेल. पिल्ले साधारण आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की पशुवैद्यांच्या सल्ल्याने आईची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि त्याच वेळी रेबीजची लसही द्यावी. गुंगीत असतानाच शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाचे टोक किंचित कापून घेतले, म्हणजे पुढे कोणी तिला दुसऱ्यांदा पकडत नाही. पिंजऱ्यात शिरताच त्यावर चादर टाकावी. अंधारात मांजर लवकर शांत होते. पकडताना ओरखडा किंवा चावा बसला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

आता आपल्या घरच्या मांजरीविषयी. तिचे लसीकरण पूर्ण असल्याची आधी खात्री करावी. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू फरशीवर किंवा चपलांवर महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे जिन्याखालून वर येताना हात धुणे आणि चपला दाराबाहेर ठेवणे आवश्यक आहे. पुढे एखादे पिल्लू घरी ठेवायचे ठरले, तर ते पशुवैद्यांना दाखवून किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. उरलेल्या पिल्लांसाठी घर शोधायला मात्र आजपासूनच सुरुवात करावी, कारण माणसाची सवय लागण्याचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यादरम्यानचा असतो आणि बुजरे राहिलेले पिल्लू न्यायला फारसे कोणी तयार होत नाही.