पस्तीस वर्षे लोकल, आणि आता सुटीतही रेल्वेच?

प्रश्न : आमची मुलगी लंडनला असते. येत्या उन्हाळ्यात तिच्याकडे तीन आठवडे राहून पुढे सहा दिवस स्वित्झर्लंडला जाण्याचा आमचा बेत आहे. मुलगी म्हणते, बसने आणि रेल्वेनेच फिरा, खरा आनंद त्यातच आहे. जावई म्हणतात, या वयात दगदग नको, टॅक्सी सांगून ठेवू. माझ्या यजमानांनी पस्तीस वर्षे ठाणे ते मुंबई असा लोकलने प्रवास केला आहे. ‘जन्मभर धक्के खाल्ले, आता परदेशातही तेच का?’ असे ते विचारतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे मला पटते. मी स्वतः वाशीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीने अनेक वर्षे नोकरीसाठी ये-जा केली आहे. संध्याकाळी ठाण्याच्या फलाटावर गाडी थांबण्याआधीच जागेसाठी पुढे सरकणारी गर्दी आठवली की आजही अंग आखडते. परंतु त्यांना जाच झाला तो वेळेत हजेरी लावण्याच्या सक्तीचा, असे मला वाटते, आणि ती सक्ती आता उरलेली नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या वेळांत गर्दीही असते आणि भाडेही जास्त पडते. आपण दहा वाजता सावकाश निघालात, तर बसायला जागा मिळण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्यांना एवढे अवश्य सांगा, की बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि लंडनची भुयारी रेल्वे सुरू झाली ती १० जानेवारी १८६३ रोजी. ठाणेकराने तिथे बुजून जाण्याचे काहीच कारण नाही.

तरीही लंडनमध्ये आपण दोघांनी रेल्वेपेक्षा बसवर अधिक भर द्यावा, असे मी सुचवीन. भुयारी रेल्वेच्या कित्येक जुन्या स्थानकांत लिफ्ट नाही, आणि गुडघे दुखत असतील तर ते जिने सुटीचा आनंद घालवतात. बसचे भाडे अंतरावर अवलंबून नसते, आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून एका तासाच्या आत दुसरी, तिसरी बस पकडली तरी वेगळे पैसे पडत नाहीत. त्यामुळे मध्येच एखादी बाग किंवा बाजार आवडला की उतरावे आणि मागून येणाऱ्या बसने पुढे जावे, ही मोकळीक टॅक्सीत मिळत नाही. ट्रॅफल्गार चौकातून १५ क्रमांकाची बस घ्या. बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावरचा पुढचा बाक मिळावा म्हणून आपण लहानपणी धावत असू, तसाच बाक तिथे मिळवा. सेंट पॉलच्या घुमटाजवळून टॉवर ऑफ लंडनपर्यंतचे जुने शहर काचेसमोरून सरकत जाते, आणि शेजारी शाळेतून परतणारी मुले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका बसलेल्या असतात. शहर रोज कसे जगते हे मला तरी अशा बाकावर बसूनच कळत आले आहे.

पैशांची व्यवस्था मात्र निघण्यापूर्वी करावी. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. नुसते टेकवून चालणारे बँकेचे कार्ड किंवा तिथले ऑयस्टर कार्ड लागते, आणि ते प्रत्येकाचे वेगळे हवे. एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही. आपल्याकडच्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार सहसा बंद ठेवलेले असतात, ते आधीच सुरू करून घ्या. बसमध्ये कार्ड फक्त चढताना टेकवायचे असते, रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडतानाही. एका दिवसात कितीही फिरलात तरी ठरलेल्या मर्यादेपुढे पैसे कापले जात नाहीत, परंतु त्यासाठी दिवसभर तेच कार्ड वापरावे लागते. युरोपातील दुसऱ्या एका शहरात मी ट्रॅमचे तिकीट काढले, पण यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा असतो हे मला ठाऊक नव्हते, आणि तपासनिसाने दंड केला. तिकीट हातात असूनही दंड भरावा लागल्याचे दुःख मला बरेच दिवस पुरले, म्हणून सांगते : कोणत्याही नव्या शहरात पहिल्या दिवशी हा नियम विचारून घ्या.

स्वित्झर्लंडबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. तिथे रेल्वेनेच फिरा. परदेशी प्रवाशांसाठी असलेला स्विस ट्रॅव्हल पास सलग सहा दिवसांसाठी मिळतो आणि त्यात रेल्वे, बस आणि तलावातील बोटीही येतात. ल्युसर्नला मुक्काम करून एक दिवस असा घालवा : स्टेशनासमोरच्याच धक्क्यावरून बोटीने सुमारे तासाभरात फिट्सनाऊ गावी जा; तिथे धक्क्यालगतच रिगी डोंगरावर चढणारी दातेरी रुळांची गाडी उभी असते. युरोपातील ही अशी पहिली डोंगरी रेल्वे १८७१ साली सुरू झाली, आणि तिचे भाडेही त्याच पासात येते. वर कुरणांत चरणाऱ्या गायींच्या गळ्यातील घंटा ऐकू येतात, खाली तलाव दिसतो, आणि एवढ्या वेळात एकदाही तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. गाड्या, बस आणि बोटी यांच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या असल्यामुळे बदलाची गाडी बहुधा थोड्याच वेळात मिळते. ज्याने पस्तीस वर्षे वेळापत्रक पाठ ठेवले, त्याला या जुळणीतील सौंदर्य इतर कोणाहूनही अधिक कळेल.

जावईबापूंचा आग्रह एका बाबतीत मान्य करा. विमानतळावरून मोठ्या बॅगा घेऊन घरी जाताना आणि रात्री उशिरा परतताना टॅक्सीच बरी.

आणि ग्रिनिचला जायचे असेल तेव्हा डॉकलँड्स लाइट रेल्वे घ्या. ती चालकाशिवाय चालते, म्हणून सर्वांत पुढच्या काचेलगतची जागा प्रवाशांना मिळते, आणि समोर वळत जाणारे रूळ, दोन्ही बाजूंच्या उंच इमारती, मग थेम्स नदीखालचे भुयार, असे सगळे मोटरमनच्या जागेवरून दिसावे तसे दिसते. ती जागा आपल्या यजमानांना द्या. भरलेली असेल तर घाई न करता ती गाडी जाऊ द्या. पुढची काही मिनिटांतच येते.