पवनचक्क्यांना हरकत घेताय? आधी कागद वाचा

तुम्ही सोबत आलात, खूप बरं वाटलं. घोषणा देऊच, पण नेमक्या मुद्द्यांचा लेखी अर्ज जास्त वजनदार ठरतो. म्हणून आधी प्रकल्पाचा नकाशा आणि पर्यावरण अहवाल मिळवा.

माहितीपत्रकातली उंची बऱ्याचदा नुसत्या मनोऱ्याची असते. मनोरा 100 मीटर आणि पातं 60 मीटर असेल, तर टोक 160 मीटरवर जातं. सूर्य खाली असताना त्या पात्यांची सावली घरात लुकलुकत राहते. कोणत्या घरावर, वर्षातून किती तास, हे गणिताने काढता येतं; अहवालात नसेल तर मागा. आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली युरोपसाठी आवाज 45 डेसिबलच्या खाली ठेवण्याची सशर्त शिफारस केली. ती मर्यादा दिवस-रात्रीची भारित सरासरी आहे, म्हणजे रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देऊन काढलेली, तेव्हा रात्रीचे आकडे वेगळे मागा.

पक्ष्यांच्या पाहणीच्या तारखा बघा. विणीचा हंगाम सुटला असेल तर तो मोठा मुद्दा आहे. स्वतःही वही घेऊन टेकडीवर बसा: वेळ, वाऱ्याची दिशा, गरुड कुठून आला, किती उंचीवर घिरट्या घातल्या. वटवाघळांसाठी संध्याकाळी थांबावं लागतं.

आणि कळकळीने सांगते, ‘पवनचक्कीने कॅन्सर होतो’ असलं काही अर्जात लिहू नका. त्या एका वाक्यापायी बाकीचा अर्ज कुणी गांभीर्याने घेत नाही. ज्यांनी जमीन भाड्याने दिली, त्या शेजाऱ्यांशी बोलणंही तोडू नका. त्यांची गरज खरी असते.