विद्यापीठासाठी खेळणारा विद्यार्थी पगाराचा हक्कदार आहे का?

प्रश्न : माझा मुलगा नागपुरातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळतो. अमेरिकेतील विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देतात आणि त्यांना कर्मचारी मानावे यासाठी तेथे खटले चालू आहेत, असे वाचले. मग आपल्या मुलांनी काय पाप केले आहे? त्यांनाही विद्यापीठाचे कर्मचारी का मानू नये? (एक पालक, मानेवाडा)

उत्तर : आपली तळमळ समजण्याजोगी आहे आणि प्रश्नही रास्त आहे; मात्र अमेरिकेत जे घडले त्यातील दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. खेळाडूला पैसे मिळणे ही एक गोष्ट आणि कायद्याने कर्मचारी ठरणे ही दुसरी. पहिली घडून गेली आहे, दुसरीचा निकाल अजून लागायचा आहे.

तेथील महाविद्यालयीन खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. फुटबॉल (हातात चेंडू घेऊन खेळायचा अमेरिकी प्रकार) आणि पुरुषांचे बास्केटबॉल यांच्या प्रक्षेपणहक्कांतून अब्जावधी डॉलर येत असताना आणि नामांकित प्रशिक्षकांना वर्षाला कोट्यवधी रुपयांच्या घरात वेतन मिळत असताना, प्रत्यक्ष मैदानात उतरणाऱ्या मुलाला मात्र शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि शिक्षणाचा इतर खर्च यांपलीकडे काही घेण्यास मनाई होती. जून २०२१ मध्ये ॲल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेली बंधने एकमताने बेकायदा ठरवली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व छबी वापरून जाहिरातींतून कमावण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर जून २०२५ मध्ये हाऊस (हे एका खेळाडूचे आडनाव) खटल्यातील तडजोड मंजूर झाली, तीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत आणि तडजोडीत सहभागी होणारे विद्यापीठ २०२५-२६ या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम आपल्या खेळाडूंमध्ये वाटू शकते. मात्र हा उत्पन्नातील वाटा आहे, तो पगार म्हणून दिला जात नाही.

कर्मचारी असण्याचा वाद याहून जुना आहे आणि त्याचे मूळ पगारात नसून दुखापतीत आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका छोट्या महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन या फुटबॉलपटूच्या डोक्याला मार लागून तो दगावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली आणि १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, महाविद्यालय हा फुटबॉलचा व्यवसाय नव्हे, या कारणावरून ती नाकारली. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये कामगार संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, पण २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने या प्रकरणात हात घालण्याचेच नाकारले. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला, पण संघटनेच्या मान्यतेसाठी केलेला अर्ज वर्षअखेरीस मागे घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये मात्र एका संघीय अपील न्यायालयाने जॉन्सन खटल्यात स्पष्ट केले की, खेळाडू दुसऱ्यासाठी सेवा देतो का, ती प्रामुख्याने त्या दुसऱ्याच्याच फायद्यासाठी असते का, त्याच्यावर नियंत्रण कोणाचे असते आणि बदल्यात काही देण्याचे ठरलेले असते का, हे तपासून तो कर्मचारी ठरू शकतो.

हीच कसोटी आपल्या मुलाला लावून पाहा. नियंत्रणापुरता तो नक्कीच कर्मचाऱ्यासारखा आहे, कारण शिबिर कधी, सराव किती वाजता, वजन किती ठेवायचे आणि कोणत्या स्पर्धेला जायचे हे सारे दुसरेच ठरवतात. पण फायद्याचा मुद्दा येथे टिकत नाही. आपल्या आंतरविद्यापीठ सामन्यांना तिकीट नसते, प्रक्षेपणाचे मोल नगण्य असते आणि खेळावरील खर्चाचा मोठा भाग सर्व विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडाशुल्कातूनच भागतो. उद्या पगार द्यायचा ठरला तर तो वसतिगृहात राहून शिकणाऱ्या गडचिरोलीच्या किंवा गोंदियाच्या मुलाच्या शुल्कातूनच द्यावा लागेल. जेथे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे मानधन महिनोन्महिने रखडते, तेथे खेळाडूचा पगार वेळेवर होईल, असे मला वाटत नाही.

श्रीमंत अमेरिकी विद्यापीठांनाही ही चिंता आहे. कर्मचारी म्हटले की किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, विमा, सामूहिक वाटाघाटी आणि कामावरून काढण्याचे नियम हे सारे लागू होते. फुटबॉलच्या पैशावर तेथे कुस्ती, जलतरण, जिम्नॅस्टिक्स असे तोट्यातले संघ चालतात आणि ऑलिम्पिकमधील अनेक पदकविजेते याच संघांतून घडतात. हात आखडावा लागला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. शिवाय १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींना समान संधी देणे बंधनकारक असल्यामुळे, पैसे मिळवून देणाऱ्या मुलांनाच बहुतेक रक्कम दिली तर विद्यापीठ दुसऱ्या बाजूने न्यायालयात खेचले जाते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या विद्यापीठांनी फुटबॉलचा धंदा केला त्यांनी मालकाच्या जबाबदाऱ्याही घ्याव्यात.

आपल्याकडे मात्र पगाराआधी दुखापतीचा प्रश्न सोडवायला हवा. एका विद्यापीठाच्या सराव शिबिरात चढाईपटूचा गुडघा पकडीत पिळवटताना मी पाहिला आहे. चहाच्या टपरीवरून आणलेला बर्फ टॉवेलात गुंडाळून त्याच्या गुडघ्यावर ठेवला गेला, एमआरआयचे पैसे वडिलांनी उसने आणले, आणि बिलांची फाईल पुढे अनेक टेबलांवरून फिरून, मूळ पावती जोडलेली नाही, या शेऱ्यासह परत आली. शेतमजुराच्या घरातील तो मुलगा पुन्हा मॅटवर उतरला नाही. विद्यापीठाचे नाव छातीवर घेऊन खेळताना झालेल्या या हानीची जबाबदारी कोणीच घेतली नाही आणि ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

यावर वाट आपल्याच कायद्यांत सापडते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही, तरीही त्याला विद्यावेतन मिळते आणि प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाली तर कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या धर्तीवर मालकावर भरपाईचे दायित्व येते. म्हणजे कर्मचारी न ठरवताही संरक्षण देता येते. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या प्रत्येक मुलामुलीसाठी अशीच तरतूद विद्यापीठाच्या नियमांत करावी, अशी मागणी पालकांनी करायला हवी. शिबिराच्या पहिल्या दिवसापासून वैद्यकीय विमा, प्रवासभत्ता स्पर्धेनंतर नव्हे तर निघण्यापूर्वी, आणि स्पर्धेमुळे हुकलेल्या परीक्षेची हमखास फेरसंधी, एवढे जरी पदरात पडले तरी ते आपल्या मुलाला कागदावरच्या पगारापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

प्रश्न : पैसे आले की विद्यार्थ्यांच्या खेळातील निर्मळपणा जातो, असे वाटत नाही का? (शारीरिक शिक्षण शिक्षक, धरमपेठ)

उत्तर : नाही. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्च करण्याची तरतूद असून त्यातील १ लाख २० हजार खिशातील खर्चासाठी असतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. यामुळे कोणाचा खेळ बिघडलेला नाही, उलट अनेक घरांत मुलींना मैदानावर पाठवण्याचे धाडस त्यातूनच आले आहे.

प्रश्न : मुलीला टेनिससाठी अमेरिकेतील विद्यापीठाची शिष्यवृत्ती देऊ केली आहे. तिला हा नवा मोबदलाही घेता येईल का? (एक माता, धंतोली)

उत्तर : घाई करू नये. तिला बहुधा एफ-१ (विद्यार्थ्यांसाठीचा) व्हिसा मिळेल आणि त्यावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. बाहेरच्या कामावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे जाहिरातीचा करार किंवा उत्पन्नातील वाटा स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे लेखी मत घ्यावे, कारण चूक झाल्यास व्हिसाच धोक्यात येतो. शिष्यवृत्तीतील निवास व भोजनाचा भाग तेथे करपात्र असतो, हेही हिशेबात धरावे. स्वाक्षरीपूर्वी प्रशिक्षकांना तीन गोष्टी ई-मेलने विचारा : शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की चारही वर्षांची, दुखापत झाल्यास ती चालू राहील का, आणि संघातील खेळाडूंची संख्या कमी केली तर तिचे स्थान काय राहील. उत्तर तोंडी मिळाले तर तेच पुन्हा ई-मेलवर मागून घ्या.