फोडणीशिवायचा फो

मागच्या अंकात हनोईतल्या नाश्त्याबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, महिनाभर टपालात आणि ईमेलात फोच फो. फो म्हणजे हाडांच्या निवळ पाण्यात वाढलेल्या तांदळाच्या नूडल्स, व्हिएतनामचा लाडका पदार्थ. नोकरीनिमित्त २००८ ते २०१२ मी तिथे राहिले, एवढ्या भांडवलावर उत्तरं देते आहे. गुळपोळी का फुटते, हे विचारणाऱ्यांनी एक महिना कळ काढावी.

प्रश्न : ताई, गेल्या दिवाळीत आम्ही दोघं व्हिएतनामला जाऊन आलो. हनोईत हॉटेलचा फुकटचा ब्रेकफास्ट सोडून रोज सकाळी गल्लीतल्या बाकड्यावर कोंबडीचा फो खाल्ला. घरी आल्यापासून तीनदा करून बघितला. आलं-लसणाची पेस्ट तेलात परतली, त्यात चिकन परतलं, चक्रीफूल-दालचिनीची पूड घातली, कुकरला चार शिट्ट्या केल्या. पहिल्यांदा पाणी गढूळ, दुसऱ्यांदा कडसर. तिसऱ्यांदा पूड कमी केली तर हे म्हणाले, "अळणी लागतंय, कांदा-लसूण मसाला टाक." टाकला. बरा लागला, पण फो काही झाला नाही. कुठे चुकतंय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या यजमानांच्या तोंडून नेमका शब्द निघाला. माझं माहेर कोल्हापूर. तिथे तांबडा-पांढरा करायच्या आधी मटण नुसतं शिजवून जे पाणी निघतं, त्यालाच अळणी म्हणतात. मीठ असतं त्यात, नाव तेवढं अळणी. आजाऱ्याला, लहान पोरांना वाटीभर देतात. फो हा त्या अळणीचाच भाऊबंद. तुम्ही मात्र रस्सा करायला घेतलात. तेल, परतणं, पूड, शिट्ट्या, सगळा रश्श्याचा संसार.

मीही तेच केलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात घरमालकीणबाईंना माझ्या हातचा फो खायला बोलावलं. हनोईच्या बाईला! त्यांना आम्ही 'बा' म्हणायचो, व्हिएतनामीत बा म्हणजे आजी. (माझ्या सासूबाईंना फोनवर हे कळेपर्यंत फार गोंधळ झाला.) मी मसाले छान भाजून मिक्सरमधून काढले होते. आजींनी दोन चमचे घेतले, वाडग्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "तळ दिसत नाही." बस्स. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी मला खाली, त्यांच्या शेगडीपाशी बोलावलं. पुढे सांगते आहे ते तिथलं.

कोंबडी दीड किलोची, अख्खी आणि सालासकट. आपल्याकडे खाटीक न विचारता साल ओढून काढतो, म्हणून आधीच बजावा. गावरान मिळाली तर उत्तम, शिजायला जास्त वेळ घेईल एवढंच. शिवाय अर्धा किलो पाठी, माना आणि पंजे मागून घ्या. पंज्यांना नाक मुरडू नका, पाण्याला अंग त्यांच्यामुळे येतं. ही हाडं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायची, वर करडा फेस येतो. ते पाणी बेलाशक मोरीत ओतायचं आणि हाडं नळाखाली चोळून धुवायची. गढूळपणाचा निम्मा बंदोबस्त इथेच होतो.

आता चार लिटर स्वच्छ पाण्यात धुतलेली हाडं आणि अख्खी कोंबडी. एकदा उकळी आली की गॅस इतका बारीक करा, की कडेला मधूनच एखादा बुडबुडा यावा. झाकण नाही. येईल तो फेस पळीने काढत राहा. पाणी खळाखळा उकळलं की चरबी आणि गाळ त्यात घुसळून निघतात आणि मग ते काही केल्या निवळत नाही. चाळीसेक मिनिटांत ब्रॉयलर शिजते. ती काढून गार पाण्यात बुडवा, म्हणजे साल घट्ट राहते. मांस सोडवून झाकून ठेवा आणि सांगाडा परत पातेल्यात टाका. अजून दीड-दोन तास.

तोवर दोन कांदे सालासकट आणि बोटाएवढे दोन आल्याचे तुकडे थेट आचेवर भाजा, भरताचं वांगं भाजतो तसे. आजींच्या शेगडीत मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं असलेली कोळशाची वडी असायची, तिच्यावर आलं ठेवलं की गल्लीभर वास. तुमचा गॅसही चालेल. काळं साल खरवडून, धुऊन दोन्ही पातेल्यात.

मसाला म्हणजे चक्रीफुलं दोन, दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा दोन, धणे एक मोठा चमचा. कोरडेच भाजा, कुटू नका, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधा आणि शेवटच्या पाऊण तासातच सोडा. तुमचा कडसरपणा पुडीचा होता. पूड पाण्यात राहतेच, पुरचुंडी उचलून काढता येते. दालचिनी आपल्या बाजारातली जाड, खरबरीत सालीची घ्या, श्रीलंकेची नाजूक सुरळी नको. आणि दोनाची चार चक्रीफुलं करू नका. कोंबडीच्या फोत मसाल्याचा वास मागच्या खोलीतून यावा, दारात उभा राहू नये. हे सगळं तुमच्या गोड्या मसाल्याच्या डब्यातलंच आहे. आपल्याकडे येणारं बरंच चक्रीफूल व्हिएतनामचंच असतं, तिथे ते चीनच्या सीमेलगत लांग सनच्या डोंगरात पिकतं. वाण्याकडे मात्र ते बाद्यान होऊन बसतं.

खडीसाखर सुपारीएवढी. हो, आपली देवाच्या नैवेद्याचीच, तिकडेही हीच घालतात. गॅस बंद केल्यावर तीन-चार चमचे फिश सॉस, मग चव बघून मीठ. नुसतं प्यायला किंचित खारट लागलं पाहिजे, कारण नूडल्सना स्वतःची चव नसते. फिश सॉस म्हणजे बारीक मासळी आणि मीठ वर्षभर पिंपात मुरवून निघालेलं पाणी. बाटली उघडल्यावर घाबरू नका, ज्यांच्या घरी जवळा भाजतात त्यांनी तर मुळीच नाही. माझं सासर अलिबागकडचं, म्हणून मी चार-पाच सोडे भाजून पुरचुंडीत टाकते. हनोईचे जुने कारागीर सा सुंग नावाचा वाळवलेला समुद्री किडा घालतात, तो फार महाग. त्यापुढे माझे सोडे गरिबाघरचे, पण काम करतात. चिमूटभर अजिनोमोटो तिथले निम्मे दुकानदार उघडपणे घालतात. तुम्ही घालायचा की नाही, ते तुम्ही बघा.

वाढताना वाडग्यात नूडल्स, वर हाताने फाडलेलं मांस, पातीचा कांदा, कोथिंबीर आणि लिंबाच्या झाडाचं कोवळं पान, मधली शीर काढून केसासारखं बारीक चिरलेलं. हे पान कोंबडीच्या फोची खूण. मग वरून पातेल्यातलं उकळतं पाणी. गरम नव्हे, उकळतं.

कुकरच वापरायचा असेल तर पहिली शिट्टी व्हायच्या बेतात आच अगदी मंद करा, पाऊण तास ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी झाली की आत खळबळ, म्हणजे पुन्हा गढूळ. यजमानांसाठी मिरच्या आणि लसणाचे काप व्हिनेगरमध्ये घालून टेबलावर ठेवा. हनोईत तसंच ठेवतात. कांदा-लसूण मसाल्याचा डबा त्या दिवशी वरच्या फळीवर.

प्रश्न : आमच्याकडे शिरवाळे करतात. साचा घरात आहे, मग बाजारातल्या महाग राइस नूडल्स कशाला? शिरवाळे फोत चालतील ना?
— वेंगुर्ल्याहून

उत्तर : खायला छान लागतील, पण तो फो नव्हे. तांदळाच्या पिठाच्या गोल शेवया व्हिएतनाममध्येही आहेत, साच्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडतात, त्यांना बुन म्हणतात. त्यांचे पदार्थ निराळे. ह्वे शहराचं गवती चहा घातलेलं तिखट बुन बो त्यातलंच. फोची नूडल चपटी असते. तांदूळ भिजवून वाटायचे, पातळ पीठ उकळत्या पाण्यावर ताणून बांधलेल्या कापडावर पसरायचं, वाफवायचं, पापुद्रा सोडवायचा आणि पट्ट्या कापायच्या. तांदळाच्या सालपापड्या केल्या असतील तर तुम्हाला निम्मी कृती येतेच. सालपापडी वाळत घालायच्या आधी, ओली असतानाच कापली की झालं. फक्त पीठ आंबवू नका आणि जिरं-पापडखार घालू नका. मी एकदा केलं, पहिल्या चार पापुद्र्यांचा लगदा झाला, पाचवा जमला.

विकतच्या चपट्या नूडल्स असतील तर त्या शिजवायच्या नसतात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, वाढायच्या क्षणी गाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुचकळा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. आमच्या नशिबी फो नाहीच का?
— पुण्याहून

उत्तर : आहे की. व्हिएतनाममध्ये चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी माणसं मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी शाकाहारी फोच्या गाड्यांवर आपल्या चतुर्थीच्या खिचडीसारखी गर्दी. त्याला फो चाय म्हणतात, आणि त्यात चहा नसतो, एवढं मी अनुभवाने सांगते. चाय म्हणजे बिनमांसाचं. विहारांतले भिक्षू तर कांदा-लसूणही खात नाहीत. तुमचा चातुर्मास त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

पांढरा मुळा, गाजर, दाणे काढलेली मक्याची कणसं, एखादं नासपती आणि मूठभर सुके शिताके मशरूम घ्या. भाजलेलं आलं आणि मसाल्याची पुरचुंडी तीच. कांदा नसला तर आलं थोडं वाढवा. एका तासाच्या पुढे नेऊ नका, भाज्या दमतात आणि पाण्याला शिळा वास येतो. फिश सॉसऐवजी सोया सॉस, तोही बेताने, नाहीतर रंग काळवंडतो. या पाण्याला चरबी नसते. म्हणून भिजलेले मशरूम चमचाभर तेलात परतून तेलासकट वर घाला. शीर्षकात मी काय लिहिलं आहे ते ठाऊक आहे, ही एवढी सूट.

प्रश्न : फो मुळात चिनी की फ्रेंच? आणि उच्चार काय?
— औरंगाबादहून, दोन ओळींचं पोस्टकार्ड

उत्तर : उच्चार 'फऽ?', इंग्रजी एफचा फ, आणि प्रश्न विचारल्यासारखा सूर खाली नेऊन वर आणायचा. त्या सुराचं नावच 'होय', म्हणजे विचारणे. छापायला फो बरा.

जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, नाम दिन्ह आणि हनोईच्या पट्ट्यात. बैल नांगराचे, त्यामुळे तिथे गोमांस फारसं खात नसत. फ्रेंच आले, ते खाऊ लागले आणि हाडं स्वस्त झाली. चिनी आणि व्हिएतनामी फेरीवाल्यांनी ती उकळून, खांद्यावर कावड घेऊन गल्लोगल्ली विकायला सुरुवात केली. एका पारड्यात पातेलं आणि निखारे, दुसऱ्यात वाडगे. भाजलेला कांदा फ्रेंचांकडून आला असेल. नावही फ्रेंचांच्या 'पो-तो-फ' या उकडलेल्या मांस-भाज्यांच्या पदार्थावरून आलं असं काही जण म्हणतात. मला पटत नाही, सरळ तांदळाच्या नूडलच्या चिनी नावावरून आलं असावं. कोंबडीचा फो त्यानंतरचा. १९३९ च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस विकायला बंदी होती म्हणून तो निघाला, असं हनोईकर सांगतात. तेव्हा नाशिकच्या ताईंनी आपला फो दुय्यम समजू नये.

आणखी एक प्रकार आजींच्या तोंडून ऐकलेला, 'बिनपायलटचा फो'. युद्धात अमेरिकेची माणूस नसलेली टेहळणी विमानं उत्तरेवर घिरट्या घालत. रेशनच्या काळात सरकारी दुकानात मांसाचा तुकडाही नसलेला फो मिळायचा, त्याला लोकांनी हे नाव ठेवलं. आजी हे हसत सांगायच्या, पण वाडग्यात मांस उरलेलं त्यांना खपायचं नाही.

प्रश्न : मावशी, मी बर्लिनमध्ये शिकतो. इथे व्हिएतनामी दुकानं भरपूर, गोमांसाची हाडंही मिळतात. रूममेट म्हणतो फोत मोड आणि हॉइसिन नावाचा गोडसर, घट्ट सॉस हवाच. खरं का? घरी सांगू नका.
— नाव छापू नये

उत्तर : नाही सांगत. तुझा रूममेट दक्षिणेचा फो खाऊन मोठा झालेला दिसतो. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले आणि फोही सायगॉनला गेला. तिथे भाजीपाला उदंड, जीभ गोडाकडे झुकणारी. मुगाचे मोड, बेझिल, लिंबू, हॉइसिन हे सगळं तिथे चिकटलं. हनोईवाल्याला विचारशील तर तो हॉइसिनची बाटली टेबलाखाली ठेवेल. माझं मत हनोईकडे आहे, हे उघड आहे. पण भांडू नका, बाटली त्याच्या बाजूला ठेव.

तुमच्या बर्लिनमध्येच, लिख्टनबर्ग भागात, डाँग शुआन सेंटर नावाचा व्हिएतनामी बाजार आहे, हनोईच्या जुन्या मंडईचंच नाव. पूर्व जर्मनीने १९८० च्या दशकात व्हिएतनामी कामगार आणले होते, त्यांच्यामुळे तिथे सगळं मिळतं. मसाला वेलची तिथूनच घे, गोमांसाच्या फोत एक लागतेच. हाडांना सहा-आठ तास लागतात. पाण्यात मांसाचा मोठा तुकडा टाकलास तर तो दोन तासांनी काढून घे. वर घालायचं कच्चं मांस वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलं की कागदासारखं कापता येतं. रात्रभर गॅस चालू ठेवून झोपू नकोस. रविवारी सकाळी लाव, संध्याकाळी जेव.

प्रश्न : बेझिलऐवजी अंगणातली तुळस चालेल?

उत्तर : नाही. सब्जाची पानं चालतील.

प्रश्न : चार लिटरचं पाणी आम्हा दोघांना संपत नाही. उरलेल्याचं काय करू?
— सांगलीहून, एक आजी-आजोबा

उत्तर : नूडल्स त्यात कधी टाकून ठेवू नका, सगळं पाणी पिऊन फुगतात. पाणी गाळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पिवळ्या चरबीचा थर दिसेल, तो खरवडून वाटीत काढा आणि वाढताना अर्धा-अर्धा चमचा घाला. खालचं पाणी खरवसासारखं थरथरायला हवं. थरथरत नसेल तर पुढच्या वेळी पंजे वाढवा. फ्रीझरमध्ये डब्यांत महिनाभर टिकतं. एका डब्यात दोन वाडग्यांपुरतंच भरा, म्हणजे उगीच सगळं वितळवायला नको.